सोमवारचा पासवर्ड

३ मार्च, सोमवार

पासवर्डचं काम माझ्याकडून काढलं! इतकी वर्षं रुग्णालयातल्या प्रत्येकाचं कॉम्प्युटरवरचं खातं मी उघडून दिलं, पासवर्डही मीच ठरवला — ज्याच्या त्याच्या लक्षात राहील असा. एक्स-रेवाल्याला ‘हलूनका’. औषधवाल्या बाईंना ‘दोनदामोजा’. आता या कामाला एक नवी मुलगी आली आहे. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करते, पुढे एक आकडा घालते — जितका आकडा, तितकी अक्षरं. बटण दाबलं की सगळ्या स्टाफचे पासवर्ड धडाधड खाली. मेळ ना अर्थ, वाचताना जीभ अडखळते.

साहेब म्हणाले, ‘‘बाई, सुटलात तुम्ही!’’

सुटले म्हणे. मी अडकले कधी होते?

४ मार्च

नवी विचारत होती, ‘‘शिकवू का मॅडम? अगदी सोपं आहे.’’ म्हटलं, राहू दे. केस छान आहेत तिचे. मुद्दाम मोकळे सोडते.

१० मार्च, सोमवार

हिशेब विभागातले विसरभोळे (नाव मी ठेवलेलं, मनातल्या मनात) दर सोमवारी माझ्या टेबलाशी यायचे. ‘‘बाई, पुन्हा विसरलो हो!’’ मी दटावायची, ‘‘साधं ‘छत्रीआणा’ लक्षात राहत नाही?’’ मग ते कान पकडणार, खुर्ची ओढणार, चहा मागवणार. ते विधुर, मी लग्नच केलं नाही. आठवड्यात मला हसवणारं तेवढंच एक माणूस.

आज आले नाहीत. नवीच्या टेबलाशी वाकून उभे! आणि दोघं खिदळतायत! माझ्या अंगाचा तिळपापड. टपालावर सगळे शिक्के उलटे मारले.

या वयात! — हे त्यांना म्हणते आहे की मला?

११ मार्च

डबा तसाच परत आणला. भूक नव्हती, एवढंच.

१३ मार्च, गुरुवार

राहवलं नाही. नवीला सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘ते हिशेबवाले फार त्रास देत असतील ना? त्यांच्या काही म्हणजे काही लक्षात राहत नाही.’’

ती हसतच सुटली. ‘‘त्यांच्या? मॅडम, तो गिचमिड पासवर्ड त्यांना पहिल्याच दिवशी पाठ! सोमवारी मला उलटा म्हणून दाखवला! आणि विचारत काय होते, तर हे काम परत बाईंकडे कसं जाईल?’’

‘‘पासवर्ड असा मोठ्यानं म्हणतात का?’’ मी म्हटलं. ‘‘आणि ऑफिसात इतकं हसू नये.’’

ती गेल्यावर पाणी प्यायले. ‘छत्रीआणा’ विसरणारा माणूस!

१४ मार्च, शुक्रवार

नवीला म्हटलं, शिकव. खरंच सोपं आहे. हिशेबवाल्यांचा पासवर्ड बदलला — माझ्या हातानं. आकडा भलामोठा घातला. सोमवारी कसे येत नाहीत, बघते!