माळावरच्या दवाखान्याचा फोटो आणि माझी इतर मिळकत

मी, हरेश मंगळू भोये, वय ५९, धंदा फोटो स्टुडिओ, राहणार जव्हार, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. ते नाही असे म्हणणारे नातेवाईक पुष्कळ आहेत, पण त्यांच्यात कोणी डॉक्टर नाही. मला कोणी धमकावलेले नाही, पाजलेलीही नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे ते रद्द करण्याचा त्रास वाचला.

१. जव्हारचे दोन खोल्यांचे घर माझी मुलगी प्रगती हिला. ती नाशिकला नर्स आहे. पावसात मागची खोली गळते, तीही तिलाच.

२. बंद पडलेल्या इमारतींचे अकरा वर्षांत काढलेले सर्व फोटो प्रगतीलाच. त्यात तीन दवाखाने, एक भात गिरणी आणि एक बर्फाचा कारखाना आहे. भाऊबंद म्हणतात, लग्नाच्या ऑर्डरी सोडून हा पडक्या भिंती टिपत बसतो. भिंती निदान फोटोत डोळे मिटत नाहीत. मुंबईहून मोठाले कॅमेरे घेऊन येणारी मंडळी मला वाट विचारतात आणि मग हळूच विचारतात, आत भूत आहे का? मी सांगतो, जागा मंजूर आहे, भरती झालेली नाही.

३. लाइटचा एक स्टँड आणि एक कुंडी, आमच्या गावच्या माळावरच्या दवाखान्याची पाहणी ज्यांनी कागदावर पार पाडली त्या साहेबांना. ते आता निवृत्त आहेत, बागकामाला उपयोगी पडेल. २०१३ साली त्यांनी मला तो दवाखाना चालू स्थितीत टिपायला नेले. इमारत नवी, आत एक खाट. मी माझ्या स्टँडला सलाइनची बाटली टांगली, स्टुडिओतल्या दोन कुंड्या दारात ठेवल्या (एकच परत आली) आणि रुग्ण म्हणून बायकोला, प्रतिभाला, खाटेवर झोपवले. "जरा कण्हल्यासारखं कर," मी म्हटले. "नाय जमत," ती म्हणाली, "माला हसूच येते." फोटो झकास आला. साहेब म्हणाले, सोमवारपासून नर्स येणार. कुठल्या सोमवारपासून, ते मी विचारले नाही.

४. घरातला प्रतिभाचा हार घातलेला फोटो त्याच फोटोतून कापलेला आहे. दुनियेचे फोटो काढणाऱ्याकडे बायकोचा दुसरा फोटो नव्हता. मूळ फोटो कपाटात आहे. प्रगतीने तो लावावा, सलाइनसकट.

५. माझा कॅमेरा पुतण्या ढवळू याला. प्रगती चिडेल, म्हणून कारण लिहितो. २०१४ च्या लावणीत प्रतिभाला शेतात साप चावला. मी जव्हारला होतो. ढवळूने तिला खाली जीपकडे न नेता वर माळावर नेले, तिथे कुलूप होते, चढउतारात तास गेला आणि जव्हारच्या वाटेवर ती गेली, हे साऱ्या गावाला माहीत आहे. ढवळूला अक्कल नाही, हेही साऱ्या गावाला माहीत आहे. प्रगती तेव्हापासून त्याच्याशी बोललेली नाही.

माहीत नाही ते एवढेच, की ढवळूने आधी मला फोन केला होता. तो जीपच म्हणत होता. मीच म्हटले, "वर ने, तिथं नर्स आहे." मला खाट दिसत होती, सलाइन दिसत होती. स्वतःच्याच फोटोला फसलेला फोटोग्राफर मी एकटाच असेन. दुसरा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "काका, कुलूप हाय. कुलपाला गंज चढलाय."

पहिल्या फोनबद्दल तो कोणाला बोलला नाही. मीही बोललो नाही. मला लाज वाटत होती, अजून वाटते.

ठिकाण: जव्हार. दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५.
सही: हरेश मंगळू भोये

साक्षीदार:
१. नितीन गावित, शिक्षक (सही)
२. गौरा पुंजा चौधरी, शेजारीण (सही)

ता. क. साक्षीदार क्र. २ यांनी सही करण्याआधी विचारले, "त्याच्यासाठी मरेपर्यंत कशाला थांबायचा?" आणि कलम ५ आधीच अमलात आणण्याची अट घातली. त्यानुसार प्रगती आणि ढवळू यांना रविवारी जेवायला बोलावले आहे. दुसरे कोण येणार, हे दोघांनाही सांगितलेले नाही.