हिरवी तार बोटभर लांब

आण्णा, आज वरच्या खोलीतल्या भाडेकरू मुलाला केबल बांधून दिली. माणमधल्या आपल्या वावरात आता खोल्याच खोल्या आहेत, आणि नळ गळो की मोटार बंद पडो, सगळे माझ्याच दारात येतात. दमले आहे मी. हा मुलगा अंगठ्याएवढी जाड वायर आणि चकचकीत प्लग घेऊन आला. त्याच्या ॲम्प्लिफायरला विकतची तयार केबल चालत नाही म्हणे. त्याने तिन्ही तारा एका मापात छाटल्या होत्या. मी त्या पुन्हा सोलल्या. लाल-काळी आखूड, हिरवी बोटभर लांब. "काकू, ही एवढी लांब का?" केबल ओढली गेली तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून, असं मी सांगितलं. शब्द तुमचेच. चुलीजवळ बसवून तुम्ही शिकवायचात, आणि आई भाकरी थापता थापता करवादायची, "पोरीच्या हातात पक्कड देत्यात ह्ये!" एकदा तारेचा एक केस स्क्रूबाहेर राहिला, तर तुम्ही माझ्या हातावर फटका मारला होता. "येक केस भाईर राह्यला तरी घात हुतो. कळतंय का?"

केबल लावली तर स्पीकर घूंऽऽ करत घुमायला लागला. मुलगा म्हणाला, "काकू, हिरवी काढून टाका ना. नेटवर सगळे तेच सांगतात." मी एवढ्या जोरात ओरडले की तो मागेच सरकला. घुमू दे म्हटलं, दोष दुसरीकडे शोध, हिरवीला हात लावायचा नाही. नंतर वाईट वाटलं. त्याला काय ठाऊक, मी कुणावर ओरडले ते.

रिहे गावातलं ते लग्न. तुम्ही आंब्यावर लाउडस्पीकरचा कर्णा बांधताय, मी खाली मशीनपाशी. कर्णा घुमतोय, वऱ्हाडी हसतायत. मग घुमणं थांबतं आणि तुम्ही वरूनच ओरडता, "आता कसं ब्येस!" मंगलाष्टकं सुरू होतात, आणि भटजी माइक फेकून देतात. "करंट मारतोय!" तुम्ही धावत येऊन बटण बंद केलंत आणि प्लग उघडलात. हिरवी तार मोकळी लोंबत होती. नवरीचा मामा नाही नाही ते बोलला. तुम्ही खाली मान घालून एवढंच म्हणालात, "माझ्या हातनं राह्यली."

घरी येऊन तुम्ही कितीतरी वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसलात. सकाळी तुमची पक्कड माझ्यासमोर ठेवलीत. "हितनं फुडं तूच जोड. मला आता नीट दिसंना." तुम्हाला चांगलं दिसत होतं, आण्णा. तरी मरेपर्यंत तुम्ही एकही प्लग बांधला नाहीत, नुसते कर्णे उचलत राहिलात. गावात सगळ्यांना वाटलं, बापाने लेकीला हुन्नर दिला.

आज मुलाने जाता जाता विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हटलं, वडिलांनी, त्यांच्या हातून एकही तार कधी सुटली नाही. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, तेही परक्यापाशी. हा कागद कुठे धाडणार? पक्कडीच्या डब्यात, तिच्याखाली ठेवते.

रिह्यातली तार मी सोडली होती, आण्णा. लोक तुम्हाला हसत होते, ते मला बघवेना.