सहीबद्दलचा अभिप्राय

मंगळवार, दि. ११ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. बाबांचा ताप उतरला, पण झटका आल्यापासून गेलेली वाचा काही परत आलेली नाही. उजव्या हातात पेला धरण्यापुरतीच ताकद उरली आहे. ऑफिसात नवीन सूक्ष्मदर्शक आला, तो काचेवर चरा घेऊनच. कारकून म्हणाला, तेवढं चालवून घ्या. घेते आहे.

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. बाबांचं पत्र सोबत परत पाठवलंस आणि लिहिलंस, "ताई, तू कोर्टात अक्षरांची साक्ष देतेस ना? मग सांग, हे त्यांनीच लिहिलंय का. असेल तर येतो." अकरा वर्षांपूर्वी दार आपटून गेलास, तेव्हाही अशाच अटी घालत होतास.

उत्तराला उशीर झाला. कामाचं कारण मी दोनदा लिहून खोडलं.

घरच्या माणसाचा कागद आम्ही तपासत नाही, दुसऱ्याकडे सोपवतो. तरी मी तो भिंगाखाली घेतला. आधी उलटा धरला, कारण उलट्या कागदावर मजकूर वाचला जात नाही, नुसती वळणं दिसतात. मजकूर बनावट आहे. रेघ सावकाश ओढलेली, पेन नको तिथे उचललेलं, आणि सगळे 'ळ' एका साच्यातले. खऱ्या हाताचे दोन 'ळ' कधी तंतोतंत जुळत नाहीत.

तो मजकूर मी लिहिला. त्यांच्या अक्षरात पत्र आल्याशिवाय यायचा नाहीस, हे तू बजावलं होतंस, आणि त्यांच्याकडून एक ओळ होत नव्हती. त्यांची जुनी पत्रं पुढ्यात घेऊन चार दिवस गिरवत बसले. वीस वर्षं लोकांची लबाडी पकडली आणि माझी तुझ्यासारख्या नवख्याला खटकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला लाज वाटते.

सहीभोवती तू लाल गोल काढलास, "ही तर उघड खोटी, किती थरथरलीय." नवखे इथेच फसतात. नक्कल करणारा हात जपून चालतो. हा हात मुळी चालतच नव्हता.

सहीची जागा मी कोरी ठेवली होती. तेवढं धाडस झालं नाही. पत्र बाबांपुढे धरलं. त्यांनी खुणेने चष्मा मागितला, दोनदा वाचलं. 'माझं चुकलं, घरी ये' या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता फाडणार. त्यांनी पेन मागितलं.

सहीला नऊ मिनिटं लागली. कागद मी धरला होता. त्यांचा हात मी धरला नाही.

तेव्हा अभिप्राय असा की मजकूर माझा, सही त्यांची. यायचं की नाही ते तू ठरव. ते रोज दुपारी खुर्ची दाराकडे वळवून घेतात.

हे अक्षर कुणाचं गिरवलेलं नाही,
तुझी ताई