चौघींचं एकच नाव

८ ऑक्टोबर

आज पुन्हा तेच! दुकान उघडायच्या आत पोस्टमन दारात, हातात खोकं. वर बेडकीचं नाव, खाली आमचा पत्ता. उघडलं तर आत काचेचे डोळे! डबी भरून, सगळे टवकारून माझ्याकडे बघतायत. किंचाळलेच मी. आतून बाबा – "काय गं, काय झालं?" म्हटलं, काही नाही, डॉक्टरबाईंचं सामान आलंय.

नवी वही आहे, तर एकदाच मांडून ठेवते. बेडकी म्हणजे माझी धाकटी बहीण. पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये बुड्या मारते, जिथे कोणी गेलं नाही तिथले नकाशे काढते, पेपरात फोटो येतात. खरं नाव इथे लिहून उपयोग नाही, कारण त्याच नावाच्या अजून तीन बायका आहेत आणि तिघींचेही फोटो पेपरात येतात. एक डोळ्यांच्या डॉक्टरबाई. एक मोठमोठे पूल बांधणारी. एक व्हायोलिनवाली. नाव तेच, आडनावसुद्धा तेच! कोणी कोणाची नात्याची ना गोत्याची. चौघींची पत्रं कायम एकमेकींच्या घरी जातात. ज्या घरी येईल ती पुढे पाठवते, वर चार ओळी खरडते. अशी ओळख झाली, भेट मात्र कधीच नाही.

म्हटलं बाबांना, नावातच काही आहे की काय हो? मला का नाही ठेवलंत? म्हणाले, "तू झालीस तेव्हा सुचलं नव्हतं." झालं! म्हणून मी शिवणाच्या दुकानात गणवेशांना काजं करत बसलेय.

बेडकी काल गेली गुहेकडे. जाताना – "ताई, मी आल्यावर माझा निळा कोट हवाय. अस्तरासकट." हुकूम!

९ ऑक्टोबर

तिकडे वरच्या डोंगरात अवेळी धो धो पाऊस म्हणे. बेडकीचा फोन नाही. येईल.

१० ऑक्टोबर

 जमेल तसं लिहिते.

तिच्या पथकाचा प्रमुख, तो दाढीवाला, त्याचा सकाळी फोन. तिघं आत होते. ओढ्याचं पाणी एकदम गुहेत शिरलं. बेडकीने बरोबरच्या दोघांना पुढे घातलं, ढकलून बाहेर काढलं, आणि स्वतः मागे अडकली. एका उंच कपारीत आहे. तिथे हवा आहे, पाणी तिच्याखाली आहे – "सध्या," म्हणाला.  उजवा खांदा निखळलाय, त्यामुळे पोहता येत नाही. आणि प्रवाह इतका जोरात की आत कोणी जाऊही शकत नाही.

मी निघाले. बाबांना म्हटलं तुम्ही थांबा, तर आधीच बूट घालून दारात उभे.

गुहेजवळच्या शाळेत सगळ्यांची सोय केलीय. नकाशाच्या कामासाठी आत त्या कपारीपर्यंत आधीच फोनची तार टाकलेली, ती शाबूत आहे. दाढीवाल्याने माझ्या हातात फोन दिला. मी नुसतं हॅलो म्हटलं.

"ताई, रडू नकोस. अस्तर लावलंस का?"

काय बोलणार अशा कार्टीशी! बाबांना फोन दिला.   बराच वेळ दोघं नुसते एकमेकांचा श्वास ऐकत होते.

११ ऑक्टोबर

डॉक्टरबाई आल्या! रेडिओवर बातमी ऐकली, दवाखाना सोडला आणि सरळ इथे. पांढरे केस, जाड चष्मा. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. ज्यांच्या हातून हजारो आंधळ्यांनी जग बघितलं त्या ह्या! आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? "तुमचे डोळे आमच्याकडे आलेत." हसल्या. "ठेवा, लक्ष ठेवतील."

खांद्याचं विचारलं तर म्हणाल्या, "मी डोळ्यांची हो. खांदा शिकले त्याला जमाना झाला. आठवतं का बघू." मिनिटभर डोळे मिटून बसल्या. मग तारेवर बोलायला लागल्या – बेडकीने कपारीच्या काठावर पालथं पडायचं, दुखरा हात खाली लोंबता सोडायचा, बुडीच्या पट्ट्यातली शिशाची वजनं मनगटाला बांधायची. "आणि मग काय करू?" "काही नाही. नुसतं पडून राहायचं. स्नायू दमले की हाड आपलं आपण जागेवर जातं." त्या तिला बोलण्यात गुंतवत राहिल्या. लहानपणी कोणती भाजी आवडायची नाही, शाळेत शिक्षा झाली का. मग फोनमधून एक किंकाळी. आणि मागोमाग – "बसला! अहो, बसला खांदा!"

डॉक्टरबाईंनी फोन ठेवला, चष्मा काढला आणि टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडल्या. इतक्या मोठ्या बाई! मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी!

दुपारी व्हायोलिनवाली आली. लांब बोटं, लांब मान, आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागतं. म्हणाली, "मला काहीच येत नाही. पण घरी बसवेना." बाबांशेजारी जाऊन बसली. बाबांनी पत्ते काढले.

१२ ऑक्टोबर

पूलवाली आली. आली कसली, घुसली! गुडघ्यापर्यंत चिखल, कारण आधी ओढा पायी फिरून आली आणि मग आमच्याकडे. ना नमस्कार ना चमत्कार. दाढीवाल्यासमोर जमिनीवरच खडूने आकृती काढली. ओढा गुहेच्या तोंडात पडतो. तोंडाच्या वर, वळणाजवळ, आडवी भिंत घालायची आणि पाणी पलीकडच्या जुन्या दगडाच्या खाणीत वळवायचं. आतलं पाणी उतरलं की बुडीवाले तिच्यापर्यंत पोहोचतील.

दाढीवाला – "बाई, एवढ्या जोरात भिंत टिकेल?"

"माझा पूल टिकतो तर ही का नाही टिकणार? पोती आणा."

पोती आली, पण अर्ध्यांच्या शिवणी उसवलेल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता माझी पाळी! सुतळी, दाभण, आणि शाळेच्या व्हरांड्यात बैठक मारली. गावातल्या बायका आल्या, त्यांना टाका दाखवला. दिवसभर कोणी वाळू भरतंय, कोणी शिवतंय, कोणी वाहतंय. व्हायोलिनवाली फावडं घेऊन वाळू भरत होती. मी ओरडले, अहो, ती बोटं जपा! त्यांच्यावर तुमचं पोट! म्हणाली, "बोटं माझीच आहेत ना?" आणि भरत राहिली. तळहात सोलून निघालेत तिचे.

बेडकीला तारेवर सगळं सांगितलं.  म्हणाली, "तिघीही? खरंच तिघीही आल्या?" आवाज कापत होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती आत घाबरलेली आहे.

१३ ऑक्टोबर

भिंत अर्धी झालीय. पाणी तिच्यावर धडका देतंय. आत कपारीपासून पाणी आता फक्त हातभर खाली राहिलंय, बेडकी सांगते आणि लगेच विषय बदलते.

जेवायच्या सुट्टीत पूलवाली माझ्याजवळ येऊन टेकली. पाव खाता खाता म्हणाली, "तुम्हाला वाटत असेल, ही बाई एवढी का धावत आली." म्हटलं, वाटतंय खरं. मग सांगितलं तिने. मध्यंतरी तिच्या एका पुलाला भेग पडल्याची बोंब उठली होती. पेपरांनी झोडपलं. लोकांनी शिव्यांची पत्रं पाठवली, ती चुकून आमच्या पत्त्यावर. बेडकीने त्यांतलं एकही पुढे पाठवलं नाही. स्वतः उठली, त्या पुलाशी गेली, नदीत बुडी मारली आणि पाण्याखालचा एकेक खांब हात लावून बघून आली. मग पूलवालीला एक ओळ पाठवली – "खांब ठणठणीत आहेत, झोपा आता."

"चौकशी समितीचा निकाल खूप नंतर आला," पूलवाली म्हणाली. "पण मी त्या ओळीवर झोपले. ओळख ना देख, माझ्यासाठी नदीत उतरली हो ती!"

आणि मला वाटायचं, कार्टी उनाडक्या करते! एका घरात वाढलो आम्ही, आणि मला हे परक्या बाईकडून कळावं. मी दुसरीकडे बघून दाभणात सुतळी ओवत राहिले. ती ओवली जाईना.

१४ ऑक्टोबर, दुपार

बाहेर आली! बाहेर आली! बाहेर आली!

१४ ऑक्टोबर, जरा वेळाने

भिंत सकाळी पुरी झाली. ओढा वळला – डोळ्यांदेखत! एवढा माजलेला ओढा, आमच्या पोत्यांपुढे मान वळवून खाणीकडे निघाला.  माणसं ओरडायचीही विसरली. पूलवाली मात्र कमरेवर हात ठेवून त्या पाण्याकडे अशी बघत होती, जणू कोणी द्वाड पोर अखेर ऐकायला लागलंय.

आतलं पाणी उतरलं. दाढीवाला आणि दोन बुडीवाले गेले, तिला घेऊन आले. चिखलाचा गोळा नुसता! डॉक्टरबाईंनी आधी डोळेच तपासले – सवय! मग खांदा. व्हायोलिनवालीने आपला कोट घातला तिला. तेवढ्यात एका बातमीदाराने लांबून नावाने हाक मारली आणि चौघींनी एकदम वळून "ओ" दिली. असे हसले सगळे! बाबा पुढे होऊन म्हणाले, "ह्यांतली माझी कुठली, जरा पुसून दाखवा."

आणि मी चौघींकडे बघत राहिले. दोघी एकमेकींच्या गळ्यात, एक रडतेय, एक नाडी मोजतेय. मला कळेना ही काय माणसं आहेत! कोणत्या मातीची! एका नावाखातर कोणी एवढं करतं? आणि त्यांच्यात उभं राहायला मिळालं मला. छाती भरून आली.

पूलवाली मात्र थांबली नाही. खाण भरत आलीय, खाली घरं आहेत, भिंत थोडी थोडी करून उघडायला हवी. बेडकीने तिचा हात धरून ठेवला होता. पूलवाली म्हणाली, "सोड गं. तू चहा घे, आलेच मी."

१५ ऑक्टोबर

पूलवाली गेली.

लिहिलं खरं. वाचवत नाही.

भिंतीवर तिच्याबरोबर गावातली माणसं होती. काठाची माती सुटायला लागलीय हे तिनेच आधी ओळखलं. एकेकाला वर चढवलं. शेवटचा माणूस वर पोहोचला आणि काठ तिच्यासकट खाली बसला.

मी दाढीवाल्याला गाठलं. सरळ विचारलं – माझी शिवण उसवली का? खरं सांगा. त्याने मला ओढ्यावर नेलं. पोती तशीच होती, एकावर एक, टाका न् टाका जागेवर. माती गेली, बाजूची. "ताई, तुमचं एकही पोतं फुटलं नाही," म्हणाला. मला वाटलं होतं, ऐकून बरं वाटेल.

१६ ऑक्टोबर

घरी आलो. पेपरात पहिल्याच पानावर नाव दोनदा. एका बातमीत वाचली, शेजारच्या बातमीत गेली. अक्षरं तीच, ठसा तोच. बाबांनी पेपर घडी करून उशीखाली ठेवला, बेडकीच्या हाती लागू नये म्हणून. तिच्या हाती कधीच लागला होता.

१९ ऑक्टोबर

बेडकी खोलीतून बाहेर येत नाही. बोलत नाही. नावाने हाक मारली की अंग चोरते, चटका बसावा तशी. बाबा आता "अगं" म्हणतात. निळा कोट पुरा करून खुंटीला लावला, तिने बघितलाही नाही. मला रागही येत नाही, इतकी भीती वाटतेय. गुहेत होती तेव्हा निदान तारेवर बोलायची.

डॉक्टरबाईंचा फोन रोज येतो. "मी डोळ्यांची," आज पुन्हा म्हणाल्या, आणि फोन ठेवला. व्हायोलिनवाली तिथे आहे, त्या भिंतीशी. गावकरी काठ बांधून काढतायत, त्यांना दगड देतेय म्हणे.

२३ ऑक्टोबर

पूलवालीची आई आली. एकटीच, काठी टेकत. बाबा उठून उभे राहिले. मी म्हटलं, बसा, आतून बोलावते तिला. बाई म्हणाल्या, "नको. मीच हाक मारते. इतके दिवस झाले, हे नाव घेऊन कोणाला हाक मारली नाही मी."

आणि मारली. मोठ्याने, दिवेलागणीला पोरीला घरी बोलवावं तशी.

आत काहीच हललं नाही. आमची आई गेली तेव्हा बेडकी पाळण्यात होती. आई हा शब्द तिने कधी कोणाला म्हटलाच नव्हता.

मग आतून बेडकीचा आवाज – "आले, आई."