तोंड उघडलं त्याची हकीकत

हिलो, रविवार

तीर्थरूप सेफो मामांना,

तेलेसियाचा वाकून नमस्कार. तुम्ही गावसभेत बोलायला उभे राहिलात की समुद्रही ऐकायला थांबतो (असं मामी म्हणते, हसत हसत म्हणते), तेव्हा माझं हे वेडंवाकडं पत्र सांभाळून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? मामीची डुकरं? पाद्रीबाबांचं प्रवचन अजून तेवढंच लांबतं का? इथे सगळं क्षेम. तुमचं पत्र पोचलं. 'आपल्या बेटावरच्या कॉलेजात दोन वर्षं शिकलीस, पुष्कळ झालं. नाताळला ये ती कायमचीच ये, शाळेत शिक्षिकेची जागा धरून ठेवली आहे,' हे मी वाचलं, पुन्हा वाचलं, उशीखाली ठेवलं. त्याकडे येतेच, पण आधी इथलं ऐका.

आपल्या कॉलेजातले माझे सगळे विषय या विद्यापीठात धरले गेले, म्हणून मी थेट तिसऱ्या वर्षात आले. सवयी मात्र कुणी धरल्या नाहीत. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर वर्ग कसला, आपलं चर्च दोनदा मावेल एवढं सभागृह! बाई आधीच आलेल्या, सगळे बसलेले, आणि रिकामी जागा पार पलीकडच्या टोकाला. बसलेल्या माणसांसमोरून ताठ मानेनं जायला मी काय रानात वाढले आहे? कमरेत वाकले आणि दर माणसाला 'तुलोऊ, तुलोऊ' म्हणत माफी मागत निघाले. (माफी कुणी दिली नाही. एका मुलीला वाटलं माझं काहीतरी पडलं, म्हणून तीही बिचारी वाकून शोधायला लागली. मग तिच्या शेजारचा.) मी जागेवर पोचेपर्यंत अख्खी रांग वाकलेली होती आणि बाई शिकवायचं थांबून पाहत होत्या.

पण खरं नवल पुढेच आहे. बाई बोलत असताना एक मुलगा, पाय समोरच्या खुर्चीवर, अर्धा पाव हातात आणि अर्धा तोंडात, म्हणाला, 'मला नाही पटत. तुमचं चुकतंय.' मी डोळे मिटले. आता छप्पर कोसळणार! आणि बाई काय म्हणाल्या? 'वा! का बरं चुकतंय?' वर खूश! मामा, मी अजून त्यातून सावरलेले नाही. इथे थोरांना चूक म्हणायचे गुण मिळतात, आणि नुसतं मुकाट्यानं ऐकलं तर जातात. बाईंनी मला बोलावून सांगितलं, 'तेलेसिया, तू लिहितेस छान, पण महिनाभर तोंड उघडलं नाहीस. असंच चाललं तर तुला पास कशी करू?' मी मान खाली घालून 'हो बाई' म्हटलं. 'बघ, परत तेच!' म्हणाल्या.

म्हणून मंगळवारी उभी राहिले. चारचौघांत बोलायची मला एकच रीत ठाऊक, तुमची. आधी विद्यापीठातल्या थोरांना वंदन, मग हजर नसलेल्या थोरांना, मग मौना केआ डोंगराला, मग माझ्यासारख्या पोरीनं तोंड उघडल्याबद्दल माफी, मग माफी लांबल्याबद्दल माफी. तास संपला. बाई हळूच म्हणाल्या, 'सुंदर! पण तुझं मत काय?' मी म्हटलं, 'ते अजून लांब आहे, बाई.' (वर्ग हसला, पण प्रेमानं.) गुरुवारी बाई सांगत होत्या की आपल्या बेटांवर निर्णय गावसभेत वडीलधारे घेतात. मी उभी राहिले. आणि म्हटलं, 'चुकतंय, बाई. निर्णय आदल्या दिवशी चुलीपाशी बायका घेतात. सभेत वडीलधारे तो फक्त चांगल्या भाषेत सांगतात.' मग बाईंनी कागद ओढला आणि माझं वाक्य उतरवून घेतलं. माझं, मामा! एवढी पुस्तकं लिहिलेल्या बाईंनी! मला रडूच आलं. नंतर ग्रंथालयात गेले. तिथे आपल्या बेटांवरच्या पुस्तकांचं अख्खं कपाट आहे. माणूस केवढं लिहून ठेवतो, बघून छाती दडपते. पण चाळून चाळून पाहिलं, चुलीपाशी काय चालतं ते कुठेच नाही. ते कुणीतरी लिहायला हवं, आणि ते कुणीतरी बहुधा मीच, असं वाटून मी तिथे किती तरी वेळ उभी होते.

गुडघ्याला तेल लावत जा. मामीला आणि पोरांना माझी आठवण सांगा.

तुमची आज्ञाधारक भाची,
तेलेसिया

ता. क. नाताळला येते, पण कायमची येत नाही. शाळेतली ती जागा शेजारच्या रूताला द्या, ती पोरांवर माझ्यापेक्षा छान ओरडते. मला इथली दोन वर्षं पुरी करू द्या. तुम्ही थोर आहात, पण या बाबतीत तुमचं चुकतंय.

आणखी एक. वरचं शेवटचं वाक्य खुर्चीवर बसून लिहवेना. हात पुढे सरकेना. शेवटी खाली उतरले, जमिनीवर मांडी घातली, तुम्ही समोर बसला आहात असं समजून मान खाली घातली, तेव्हा कुठे लिहिता आलं.