शनी जागचा हलणार नाही

१८ जून

दुर्बीण आली. मोटरवाला माउंट, म्हणजे तिवईवरची फिरती बैठक, आहे. खोक्यावर छापलंय की एकदा तारा धरला की हा सोडत नाही. आकाश सरकेल तसा आपणही सरकत राहतो. चेत्तीनाने खोकं उघडायच्या आतच विचारलं, हे धूड ठेवणार कुठे? बायकोला ग्रहताऱ्यांचं काही नसतं, जागेचं असतं. गच्चीवर, म्हटलं. ऑगस्टात गच्ची टोमॅटोंची आहे, लक्षात ठेव, म्हणाली. ऑगस्टला अवकाश आहे.

योजना साधी आहे. ऑगस्टात मारिआंजेला नवऱ्याला घेऊन येते. तिकडे पार उत्तर इटलीत, बेर्गामोत, पोरीला नोकरी आहे, नवरा आहे, दारात ट्राम आहे. आकाश नाही. तिथे रात्री वर बघितलं तर नुसतं पाणी घातलेलं दूध दिसतं, हे तिचंच वाक्य. आमच्या डोंगरावर रस्त्याचे निम्मे दिवे बंद असतात. नगरपालिका ते आकाशासाठीच बंद ठेवते असं मी मानतो. पोरीला शनी दाखवायचा, निवांत, खुर्चीत बसवून, कडं नीट दिसेल असा. आणि ती हरखली की हळूच सांगायचं की नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात इंजिनिअरची जागा निघाली आहे, तिथल्या साहेबांच्या कानावर मी घातलंय. पोरगी परत येणार. यात मला तरी शंका दिसत नाही.

जावईही येईल मागोमाग. त्याला इलाज नाही.

१९ जून

माउंट जोडला. तीन स्क्रू उरले. चांगली कंपनी दिसते, जास्तीचे देते.

२१ जून

पुस्तिका वाचली. म्हणजे चाळली. कामाच्या गोष्टी दोनच. मोटरच्या डबीवर एक स्विच आहे, एका बाजूला उत्तर, एका बाजूला दक्षिण. राहता त्याप्रमाणे ठेवा, असं लिहिलंय. यात विचार कसला करायचा? इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात जन्मलो, कालाब्रियात पेन्शन घेतो. दक्षिणेवर टाकला.

दुसरी गोष्ट जिवावर आली. माउंटचा आस म्हणे उत्तरेकडे रोखायचा. या देशात सगळं उत्तरेकडे तोंड करूनच चालतं. सरकार, रेल्वे, कारखाने, आमची पोरं. आता दुर्बीणही. शास्त्र म्हणून सहन केलं. उत्तर कुठे ते मला शिकवायला नको, जन्म मोजणी खात्यात गेला. चौकातून बेर्गामोची बस ज्या अंगाला वळते ती उत्तर. त्या रोखाने तिवई मांडली. ध्रुवतारा दिसला नाही. चर्चच्या मागे असेल.

२४ जून

शनी सापडला! बारीक आहे, पण कडं आहे. मी ओरडलो. चेत्तीनाला वाटलं पडलो.

मग मोजमाप घेतलं. चेत्तीना जपमाळ घेऊन बसलीच होती, तेव्हा वेळ तिच्या प्रार्थनेवर मोजला. मोटर बंद असताना शनी एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने बाहेर जाईपर्यंत दहा ‘अवे मारिया’ झाल्या. मग मोटर चालू केली. पाच झाल्या.

म्हणजे मोटर चालते आहे. परिणाम दिसतोय.

२ जुलै

अजून पाचच. चेत्तीना म्हणाली, बंद करून ठेव की मग, फुकट बॅटरी कशाला जाळतोस. बायकांना तंत्रज्ञान कळत नाही. मला वाटतं हवेचा दोष आहे. उकाड्यात लोणी पातळ होतं तसं ग्रीसही होत असणार. संकल्प: उद्यापासून मोटरला ओला पंचा गुंडाळायचा.

३ जुलै

पंच्याने बॅटरी गेली. नवीन आणली.

९ जुलै

बारमध्ये नुन्त्सियातोला सांगितलं. हा बारचा मालक. त्याला एक गोष्ट सांगितली की गावात नोटीस लावावी लागत नाही. म्हटलं, दहा ऑगस्टला सान लोरेन्झोच्या रात्री सगळं गाव माना वर करून तुटते तारे मोजत बसेल आणि माना धरून घरी जाईल. माझ्या गच्चीवर या. खुर्चीवर बसा, आरामात बघा, पाणी प्या, पुन्हा बघा. शनी जागचा हलणार नाही.

तो म्हणाला, आमदारही हेच म्हणतो, जागचा हलणार नाही. मी लक्ष दिलं नाही. निघताना म्हणाला, आणि बेर्गामोची बस आधी खाली समुद्राकडे उतरते रे, म्हणजे पश्चिमेला. मोजणी कोणी केली आयुष्यभर, यांनी की मी?

११ जुलै

मारिआंजेलाचा फोन. बाबा, दुर्बीण घेतलीस म्हणे, एर्मेसला फार आनंद झालाय. मग तिने फोन जावईबापूंना दिला. एर्मेस लेथ मशिनच्या कारखान्यात आहे आणि माणसांशीही मशिनसारखाच बोलतो, हळू आणि क्रमाने. बाबा, तुम्ही आस कुठे रोखलाय? म्हटलं, उत्तरेला. बाबा, तुम्ही स्विच कुठे ठेवलाय? म्हटलं, जिथे ठेवायला हवा तिथे. मग म्हणतो, तो उत्तरेवर हवा बरं का, कारण तो उत्तर गोलार्ध—

मी म्हटलं, चेत्तीनाला तुमच्याशी बोलायचंय. तिला नव्हतं बोलायचं, पण बोलली.

गोलार्ध! माझ्या गच्चीवर, माझ्या पैशाने आणलेल्या माउंटचा स्विच उत्तरेवर ठेवा म्हणे. पोरगी दिली, दरवर्षी डिकी भरून टोमॅटोच्या बाटल्या दिल्या, घरचं सोप्रेसाता सॉसेज दिलं. आता स्विचही द्या. शिवाय शनी दिसतो कुठे? दक्षिणेकडे. मी रोज बघतो. त्याला तरी कळत असेल ना आपण कुठले ते.

१२ जुलै

पहाटे उठून पुस्तिका नीट वाचली. गोलार्धाबद्दल काहीतरी आहे खरं, बारीक अक्षरात. प्रश्न आता गोलार्धाचा राहिलेला नाही, तत्त्वाचा आहे.

२० जुलै

चार ‘अवे मारिया’. चेत्तीना हल्ली प्रार्थना हळू म्हणते, त्याचा हा परिणाम.

३० जुलै

साहेबांना भेटलो. जागा अजून रिकामी आहे. अर्ज पोरीनेच करायला हवा, म्हणाले. करेल. चेत्तीनाला सांगितलं तेव्हा ती बरणीत वांगी तेलात भरत होती. तिने विचारलं, मारिआंजेलाला विचारलंस का? शनी दाखवल्याशिवाय विचारायचं नाही, हीच तर योजना. ती वांगी जोरात दाबत राहिली.

९ ऑगस्ट

आले. मारिआंजेला थोडी भरलेली दिसते. प्रवास मानवलाय तब्येतीला, म्हटलं. आई आणि ती एकमेकींकडे बघून हसल्या. एर्मेस थेट गच्चीवर गेला, दुर्बिणीभोवती एक फेरी मारून खाली आला, आणि छान आहे म्हणाला. बाकी काही नाही. आता नमला.

१० ऑगस्ट

लिहायला नको वाटतंय. थोडक्यात लिहितो.

निम्मं गाव आलं. खुर्च्या स्वतःच्या घेऊन. पहिल्या नुन्त्सियातोच्या बायकोला बसवलं. ती म्हणाली, गेला. पुन्हा लावला. ती म्हणाली, आला, आला, गेला. पाद्री बसले तोवर शनी कुठे होता देवालाच ठाऊक. त्यांना शेजारच्याचा अँटेना दिसला आणि त्यांनी त्याचं कौतुक केलं. नुन्त्सियातो भर गर्दीत म्हणाला, वितालियानो, तुझा शनी बेर्गामोची बस पकडतोय रे. लोक हसले. मारिआंजेलाही हसली. ती हसली ते मला लागलं, हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे सांगणार नाही.

तिचा बघायचा नंबर आला तेव्हा बॅटरी संपली.

नोकरीचं बोलायला ही वेळ योग्य नव्हती.

१२ ऑगस्ट

टोमॅटोचा दिवस, वर्षभराचा सॉस बाटल्यांत भरायचा. पहाटेपासून गच्चीवर कढई, क्रेट, बाटल्या, सगळे लाल. दुर्बीण कोपऱ्यात सरकवावी लागली. ती एर्मेसने सरकवली. मी कढई ढवळत होतो.

संध्याकाळी सगळे दमून भिंतीला टेकून बसले होते. सहज म्हणून शनी लावला, मोटर चालू केली. चेत्तीनाने सवयीने माळ हातात घेतली. दहा झाल्या. वीस झाल्या. माळ संपली. शनी मधोमध!

मी सांगितलंच होतं, माउंट रुळायला वेळ लागतो.

मारिआंजेला बसली. किती वेळ बघत होती.  मग ती म्हणाली, बाबा, हा खरंच तिथे आहे रे. मी म्हटलं, आहे, आणि इथूनच असा दिसतो. तिने डोळा न हलवता माझा हात धरला. टोमॅटोचा हात होता, चिकट. मला वाटलं, झालं काम.

१३ ऑगस्ट

सकाळी डबी पुसताना पाहिलं, स्विच उत्तरेवर. क्रेटचा धक्का लागला असणार. तिवईचं तोंडही चर्चच्या उजव्या अंगाला फिरलंय. तोही धक्काच, दुसऱ्या बाजूने. एर्मेसला विचारलं, तो म्हणाला, काय की बाबा. परत दक्षिणेवर करणार होतो, पण पाहुणे आहेत तोवर राहू दे. यजमानाने मन मोठं ठेवावं.

१५ ऑगस्ट

सणाचं जेवण. बकरं, पास्ता, मग कलिंगड. कलिंगडाच्या वेळी मी विषय काढला. नगरपालिका, बांधकाम खातं, साहेब, घराचा वरचा मजला रिकामा, सगळं क्रमाने सांगितलं, अगदी एर्मेसच्या पद्धतीने.

मारिआंजेला उठून माझ्याजवळ आली. बाबा, मलाही एक सांगायचंय, म्हणाली. जानेवारीत बाळ येतंय.

मी रडलो. कलिंगडाच्या बियांसकट रडलो, असं चेत्तीना म्हणते. मग डोळे पुसून म्हटलं, मग तर प्रश्नच नाही, पोराला मोकळी हवा हवी. ती म्हणाली, बाबा, आमचं घर तिथे आहे. एवढंच म्हणाली, चिडून नाही. चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मग कळलं की आई ऑक्टोबरात तिच्याकडे जाणार आहे, उन्हाळ्यापर्यंत. हे जूनमध्येच ठरलंय. मला सांगायला दोघी योग्य वेळेची वाट बघत होत्या. एर्मेस म्हणाला, बाबा, तुम्हीही चला, खोली तयार आहे. म्हटलं, दुर्बिणीचं कोण बघणार?

१९ ऑगस्ट

गेले. डिकीत साठ बाटल्या. गाडी आधी खाली समुद्राकडे उतरली.

४ ऑक्टोबर

चेत्तीना गेली. बसपर्यंत बॅगा मी उचलल्या. फ्रीजमध्ये डब्यांवर वार लिहून ठेवलेत. तिने तिसऱ्यांदा विचारलं, येतोस का. म्हटलं, ट्रॅकिंग आत्ता कुठे जमलंय, हा मोसम सोडता येत नाही. ती म्हणाली, हट्टी गाढवा, मफलर घालत जा. बस सुटली.

माझा निर्णय योग्य आहे. माणसाला एकांत मिळाल्याशिवाय शास्त्रात प्रगती होत नाही.

६ ऑक्टोबर

भरपूर प्रगती. सोमवारचा डबा रविवारीच संपवला होता.

१७ ऑक्टोबर

नुन्त्सियातोला बोलावलं. शनी अगदी खिळ्याने ठोकल्यासारखा आहे, म्हटलं, येऊन बघ. त्याच्याकडे फुटबॉलची मॅच होती. पाद्रींना बोलावलं. त्यांनी अँटेनाची चौकशी केली.

स्विच अजून उत्तरेवरच आहे. बदलायचं राहून जातंय.

२६ ऑक्टोबर

आकाश स्वच्छ. जेवायच्या आधी शनी लावला. खाली जाऊन जेवलो, ताट घासलं, पुन्हा वर आलो. तिथेच, मधोमध. अचूक ट्रॅकिंग म्हणतात ते हेच. अख्ख्या कालाब्रियात कोणाचं इतकं अचूक नसेल. चेत्तीनाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, वा रे वा, मग आता काय करतोस? म्हटलं, शनी बघतोय. आणि? आणि शनीच. मागे भांड्यांचा आवाज येत होता, मारिआंजेला कोणावर तरी हसत होती. इथे धुकं आहे बाई, चेत्तीना म्हणाली, बरं, ठेवते, सूप गार होतंय.

थोडा वेळ बसलो. खरं तर करण्यासारखं काही उरत नाही. मोटर सगळं करते.

म्हणून मोटर बंद केली. तांत्रिक कारणासाठी, बॅटरी वाचवायला. शनी कडेला सरकला आणि बाहेर गेला. मी हाताने चाक फिरवून त्याला परत मधे आणला. पुन्हा गेला. पुन्हा आणला. असं बराच वेळ चाललं, थंडी वाजेपर्यंत. मफलर सापडला नाही.

हे बरं वाटतं. आणला की येतो.