सहा लाडू परत आले

गुरुग्राम, ३ फेब्रुवारी २०२५

चि. आशयला साधनामावशीचे आशीर्वाद.

श्रीपादकाका ऑफिसला जाताना दिल्लीत मुनिरकाला तुझ्या खोलीवर डबा देतील. मेथीचे सहा लाडू आहेत. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. तुझ्याकडे चहापत्तीशिवाय काही नसणार, तेव्हा पत्र लिहून घाल. मोबाइलवर नुसता अंगठा पाठवलास तर कान धरीन.

लोभ आहे, डबा गुरुवारपर्यंत यावा.
मावशी

मुनिरका, ६ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

लाडू एकदम झकास! मी बिल्कुल मजेत. दोन विषय राहिले, पण आता टेन्शन नाही. गिटार रूममेटला, पुष्करला, देऊन टाकली. खोली इतकी आवरलीय की घरमालकीण कौशल्या आंटी दोनदा बघून गेल्या. पुण्याला आईला सांग, माझी काळजी आता करावी लागणार नाही.

काकांना नमस्कार.
आशय

मुनिरका, ७ फेब्रुवारी

चि. आशय,

पत्र वरच्या पुडात आणि सहाच्या सहा लाडू खालच्या पुडात? शहाण्या, खोटं बोलायचं तर आधी पुरावा खायचा असतो. मी खूप हसले. मग पत्र पुन्हा वाचलं आणि तशीच इथे यायला निघाले. ती गिटार तू मला पुसूसुद्धा देत नाहीस.

म्हणून सरळ विचारते. जीव द्यायचा विचार मनात येतोय का?

हो असेल तर रागावणार नाही. रडेन थोडी. मी खाली चहाच्या टपरीवर बसलेय. पुष्करला सगळं सांगितलंय, ही चिठ्ठी त्याच्याच हाती देतेय, तो तुझ्याजवळच थांबेल. त्याच्याबरोबर खाली ये, नाहीतर मी वर येते. चार मजले आहेत आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत.

तुझीच,
मावशी

मुनिरका, २४ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

त्या दिवशी आधी तुझा राग आला, मग जिन्यातच रडू फुटलं. महिनाभर तो विचार घेऊन फिरत होतो आणि कुणी विचारतच नव्हतं. आईला आपण दोघांनी मिळून सांगितलं, ते फार बरं झालं.

कॉलेजच्या समुपदेशक अक्षता मॅडमकडे तिसऱ्यांदा जाऊन आलो. डॉक्टरांच्या गोळ्याही चालू आहेत. सगळेच दिवस चांगले नसतात. शनिवार वाईट होता, तसं पुष्करला सांगितलं. तो सिनेमा अर्धा सोडून माझ्याजवळ बसला. गिटार मात्र परत देत नाही, म्हणतो आता कुठे सूर सापडलाय. भांडण चालू आहे.

आणि मावशी, ते लाडू तू पुन्हा दिलेस ना, ते जरा कडूच होते. सहाही खाल्ले. पुढच्या सोमवारी बेसनाचे पाठव.

लोभ आहेच, तो राहू दे. मीही आहे.

तुझा,
आशय